खालचा पट्टा

सूक्ष्मदर्शकातून काढलेल्या फोटोच्या खाली एक काळा पट्टा असतो. छापील पानावर त्याची उंची चार मिलिमीटर भरते. मी मोजली आहे. त्यात बारीक पांढऱ्या अक्षरांत तारीख, भिंग, मापाची रेघ, फोटो काढणाऱ्याचा हुद्दा आणि शेरा असतो. बघणारे फोटो बघतात, पट्ट्याकडे कोणी ढुंकून पाहत नाही. पाहिलंच तर मापाच्या रेघेकडे, कारण ती नसेल तर समोरचा गोळा परागकण आहे की फुटबॉल, हे सांगता येत नाही.

हा पट्टा मी अकरा वर्षं कापत आले.

एक गोष्ट आधीच सांगून टाकते. डॉक्युमेंटमध्ये फोटो बसवण्याच्या कामात आमच्या इमारतीत माझा हात धरणारं कोणी नाही! फोटो टुणकन उडी मारून पुढच्या पानावर जातो? मला बोलवा. फाइल फुगलीय, मेलमधून जात नाही? मला बोलवा. डॉक्युमेंटमधला फोटो परत बाहेर काढायचाय? राइट क्लिक, सेव्ह ॲज पिक्चर; पण त्याआधी मला बोलवा, कारण तुम्ही नक्की भलतीकडे क्लिक कराल. आमचे भांडारपाल तर माझ्या टेबलाशी येऊन नुसते उभे राहतात, दवाखान्यात रांगेत उभे राहिल्यासारखे.

माझं खरं काम मात्र हे नाही. आमची प्रयोगशाळा मध तपासते. मधमाशीबरोबर फुलांचे परागकण मधात येतात, आणि त्यांच्या आकारावरून मध कोणत्या फुलांचा ते ओळखता येतं. बाटलीवर लिहिलंय तेच बाटलीत आहे का, हे आम्ही सांगतो. आम्ही म्हणजे मी. साहेब सही करतात.

साहेब आमचे प्रमुख. विज्ञानाबद्दल त्यांना फार आदर आहे, आणि आदरामुळे ते त्याच्या जवळ जात नाहीत.

अकरा वर्षांपूर्वी सूक्ष्मदर्शकाला कॅमेरा बसवला. पहिला फोटो मी डॉक्युमेंटमध्ये टाकून नेला, तर साहेबांनी तो हात लांब करून बघितला.

"बाई, हे खाली काळं काय?"

"पट्टा आहे, साहेब. त्यात माप असतं."

"काढा हो तो. कोणीतरी गेल्याची बातमी वाटते."

"पण माप..."

"माप वेगळं काढा. एक छोटीशी रेघ. सुबक. आणि हे सुटे फोटो कॉम्प्युटरवर कशाला ठेवलेत? डॉक्युमेंटमध्ये गेले ना एकदा? मग उडवा. पसारा नको!"

साहेबांचा हा नियम अकरा वर्षं चालला. फोटो डॉक्युमेंटमध्ये टाकायचा, क्रॉप करून पट्टा कापायचा, वर हातानं मापाची रेघ ओढायची आणि मूळ फोटो उडवायचा. म्हणजे प्रयोगशाळेची सगळी संपत्ती कुठे, तर डॉक्युमेंटांच्या पोटात!

आता इथे थोडं शास्त्र सांगावं लागेल. क्रॉप केल्यानं फोटो कापला जात नाही. परकराला टीप घालताना कापड आत दुमडतात तसा तो नुसता आत दुमडला जातो. कापलेला भाग कायमचा काढून टाकायचा तर फोटो कॉम्प्रेस करताना एका चौकटीत खूण करावी लागते. ती खूण मी एकदाही केली नाही. मूळ नोंद नष्ट करायची नसते, हे मला कॉलेजात पहिल्याच वर्षी शिकवलं होतं. ते मी पाळलं. पुढे जे झालं ते या तत्त्वनिष्ठेमुळे झालं, हे लक्षात असू द्या.

आणि दुसरं कारण शेरा. कॅमेऱ्याच्या सॉफ्टवेअरमध्ये शेऱ्याचा रकाना रिकामा ठेवला तर फोटो सेव्हच होत नसे! चाळीस अक्षरांची मर्यादा. सुरुवातीला मी प्रत्येक फोटोला 'ठीक' लिहीत असे. मग एके दिवशी साहेब पाहुण्यांना घेऊन आले, सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून चांगली दहा मिनिटं उभे राहिले आणि म्हणाले, "वा! काय सुंदर रचना आहे निसर्गाची!" पाहुणेही वाकले, त्यांनीही "वा!" म्हटलं. ते गेल्यावर मी पाहिलं, तर सूक्ष्मदर्शकाचा दिवा बंद होता.

हे कोणाला सांगणार? घरी नवरा अजून आला नव्हता, लेक लहान होती. शेऱ्याचा रकाना समोर होता, आणि पट्टा कापला जाणारच होता. मी लिहिलं: 'साहेब दहा मिनिटं बघत होते. दिवा बंद.' एंटर दाबलं. फोटो सेव्ह झाला. फार बरं वाटलं!

त्यानंतर मी 'ठीक' लिहिणं सोडलं. 'सूर्यफूल. साहेब झेंडू म्हणाले. तिसऱ्यांदा.' 'स्लाइडवर साहेबांचा चहा. पुन्हा केली.' 'मोहरी. रजा नाकारली.' 'सासूबाईंचे तीन फोन. नमुना वाळला.' 'मका. मोठा, गोल, गुळगुळीत. साहेबच.' चाळीस अक्षरांत क्रियापदांची चैन परवडत नाही, त्यामुळे सगळं तारेच्या भाषेत. आणि पट्ट्यात फोटो काढणाऱ्याचा हुद्दा आपोआप पडे तो 'प्रमुख', कारण सॉफ्टवेअरला एकच खातं होतं आणि ते साहेबांच्या नावे उघडलेलं. माझी काही हरकत नव्हती. कापायचंच होतं ना!

एक शेरा मात्र दरवर्षी एकदा यायचा. 'पद नक्की तुम्हालाच, म्हणाले.' एका वर्षी तो निलगिरीखाली आहे, पुढच्या वर्षी तिळाखाली, मग कोथिंबिरीखाली. सहा वर्षं, सहा फुलं. साहेब निवृत्त झाले की प्रमुखाची जागा मला, असं ठरलं होतं. ठरलं होतं म्हणजे साहेब म्हणाले होते. शिफारस त्यांनी करायची होती.

अखेर त्यांच्या निवृत्तीला एक महिना उरला, आणि साहेबांनी ग्रंथ काढायचा ठरवला. 'मधातील परागकण: सचित्र कोश.' दोनशे चौदा फोटो. मी सगळ्या जुन्या फाइली उघडल्या, फोटो एका डॉक्युमेंटमध्ये आणले, वर्णनं लिहिली. तिसऱ्या पानावर साहेबांनी स्वतः मजकूर घातला: 'लेखन व छायाचित्रे' आणि खाली त्यांचं नाव. त्याच्याखाली बारीक अक्षरांत, 'टंकलेखन साहाय्य: कार्यालयातील एक भगिनी.'

घरी मी ते पान दाखवलं. नवऱ्यानं चष्मा काढला, पुसला आणि परत घातला.

"ही भगिनी म्हणजे तू?"

"मीच."

"आणि फोटो?"

"तेही मीच."

"मग सांग ना! सरळ सांग, फोटो माझे आहेत म्हणून."

"पद मिळालं की सांगेन."

"सहा वर्षं हेच ऐकतोय मी."

सासूबाई शेजारी लसूण सोलत होत्या. "ती नाही सांगायची," त्या म्हणाल्या. "दूध उतू गेलं तरी ही आधी किती गेलं ते मोजते."

मी पान घडी करून पर्समध्ये ठेवलं. पण त्यांचं म्हणणं बरोबर होतं. फोटो माझे आहेत हे वाक्य माझ्या तोंडात सहा वर्षं तयार होतं. फक्त ते बोललं तर शिफारस जाईल, आणि शिफारस गेली तर पद जाईल, असं साधं गणित होतं. गणितात मी चुकत नाही. म्हणून गप्प होते.

फाइल छापखान्यात जायच्या आदल्या दिवशी साहेबांनी ती मागून घेतली. "शेवटचा हात फिरवतो." फिरवला! पानावर कुठे पांढरी जागा दिसली की त्यांनी फोटोचा कोपरा धरून ओढला. गोल परागकणांची अंडी झाली, अंड्यांच्या काकड्या झाल्या. परागकण आकारावरूनच ओळखतात हो! साहेबांनी माउसच्या एका ओढीत नव्या जाती जन्माला घातल्या.

गुरुवारी दुपारी छापखान्याच्या मालकांचा फोन आला. त्यांना सगळे काका म्हणतात.

"मॅडम, ते तुमचे गोळे काही चपटे आहेत, काही लांबट. असंच छापायचं का?"

मी खुर्चीतून उठलेच. "काका, एकही तसा छापू नका! सगळे मूळ प्रमाणात आणा."

"दोनशे चौदा आहेत. एकेक ओढत बसू?"

"ओढायचं नाव काढू नका! फोटोवर क्लिक करा. वर फॉरमॅट. तिथे रिसेट. त्यात दोन पर्याय येतील, त्यातला दुसरा. आकारासकट रिसेट. मग सगळ्यांची रुंदी सारखी करा. झालं!"

"वा, मॅडम! मानलं तुम्हाला. आमच्या पोरांना येत नाही हे."

"असू दे हो," मी म्हटलं. फोन ठेवला आणि उरलेली दुपार मी स्वतःवर खूश होते.

चाणाक्ष वाचकांच्या लक्षात आलं असेल. आकारासकट रिसेट केलं की ओढाताण जाते, आणि क्रॉपही जातो. दुमडलेलं सगळं उलगडतं. हे मला माहीत नव्हतं का? माहीत होतं! दोन वर्षांपूर्वी भांडारपालांना मीच बजावलं होतं, "त्या दुसऱ्या पर्यायाला हात लावू नका, कापलेलं सगळं परत येईल." पण चपट्या परागकणांच्या संतापात माझ्या डोक्यातून ते साफ गेलं. अकरा वर्षांत एकदा चुकले, तेही फोनवर, पायरी पायरीनं समजावून!

तपासणीची प्रत साहेबांनी स्वतःकडे मागवली. पहिल्या पानावर त्यांचा स्वतःचा फोटो होता. त्यात केस थोडे विरळ दिसतात की काय, यावर त्यांनी चाळीस मिनिटं विचार केला आणि पुढची पानं न उलटता सही करून टाकली.

शनिवारी अकराला प्रकाशन होतं. नऊ वाजता गठ्ठे आले, पाचशे प्रती. मी एकटीनंच भांडारातला पहिला गठ्ठा सोडला, एक पुस्तक काढलं आणि मधूनच उघडलं.

पान एकशे बारा. मक्याचा परागकण. खाली काळा पट्टा. 'मका. मोठा, गोल, गुळगुळीत. साहेबच.'

मी पुस्तक मिटलं. परत उघडलं. तिथेच होतं.

काकांना फोन लावला. "काका, हे खाली काळे पट्टे..."

"छान दिसतायत ना? बॉर्डरसारखे! मी म्हटलं, मॅडमनी मुद्दाम ठेवले असतील."

"वाचले का तुम्ही ते?"

"छे हो! वाचायला वेळ कुठे असतो छापखान्यात?"

मी शांतपणे विचार केला. पट्टा काळा, अक्षरं पांढरी. काळ्या मार्करनं अक्षरं बुजवता येतील. पाचशे प्रती, प्रत्येकीत दोनशे चौदा पट्टे, म्हणजे एक लाख सात हजार. एका पट्ट्याला तीन सेकंद धरली तर एकोणनव्वद तास लागतात. कार्यक्रमाला दोन तास होते. त्यातही मार्कर एकच होता, आणि त्याला टोपण नव्हतं.

मग निदान एक प्रत तरी! ग्रंथाचं प्रकाशन आमची प्रयोगशाळा चालवणाऱ्या मंडळाच्या अध्यक्षबाई करणार होत्या. प्रमुखाच्या नेमणुकीवर शेवटची सही त्यांचीच. त्यांच्या हातात जाणारी प्रत मी बाजूला काढली, सगळ्यांत वाईट अकरा शेरे निवडले आणि एकेक बुजवले. व्यवस्थित, रेघेच्या बाहेर न जाता. हातचं काम माझं नीट असतं.

सभागृह भरलं होतं. दीडशे-दोनशे मधवाले, मंडळाचे सदस्य, पुढच्या रांगेत साहेबांच्या सौभाग्यवती. त्यांच्या शेजारची खुर्ची रिकामी होती म्हणून मी बसले. माइक दोनदा किंचाळला आणि सुरू झाला.

अध्यक्षबाई एका शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका. त्यांनी रिबीन सोडली, पुस्तक उघडलं आणि थबकल्या. चाळीस वर्षं उत्तरपत्रिका तपासलेल्या बाईच्या नजरेतून खाडाखोड सुटते होय! कागद गुळगुळीत होता. मार्करची शाई त्यावर जांभळट चमकत होती. बाईंनी पुस्तक उजेडात तिरकं धरलं. अक्षरं खालून वर आली, पाण्यातून मासा यावा तशी.

"हे काय बरं लिहिलंय?" माइक चालूच होता. "साहेब... दहा मिनिटं... बघत होते. दिवा बंद."

साहेबांच्या चेहऱ्यावर परागकणाइतकाच भाव.

"सूर्यफूल," अध्यक्षबाई वाचत होत्या. "साहेब झेंडू म्हणाले. तिसऱ्यांदा." त्यांचे खांदे हलायला लागले. "मका. मोठा, गोल, गुळगुळीत. साहेबच!"

आणि त्या हसल्या! खळखळून, चष्मा हातात घेऊन. मागून मधवाले हसले. कोणीतरी टाळी दिली. ज्यांच्या हातात प्रती होत्या ते भराभर पानं उलटायला लागले आणि प्रत्येक रांगेतून एकेक शेरा मोठ्यानं यायला लागला.

"खाली हुद्दा बघा, 'प्रमुख'! स्वतःच लिहिलंय!"

"अहो, पान साठ बघा, पान साठ!"

"स्वतःवर असं हसायला केवढं मोठं मन लागतं," अध्यक्षबाई डोळे पुसत म्हणाल्या. "आणि वर नम्रतेनं खोडूनही ठेवलंय! इतकी वर्षं ओळखते मी यांना, पण हे रूप माहीत नव्हतं!"

मी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहत होते. साहेबांना तीन सेकंद लागली. तीन! मग ते सावकाश उठले, हात जोडले.

"काय आहे," ते म्हणाले, "विज्ञान रूक्ष वाटू नये, एवढाच आपला प्रयत्न."

टाळ्यांचा कडकडाट!

माझ्या शेजारी सौभाग्यवतींनी पुस्तकातून डोकं वर काढलं. "सासूबाईंचे तीन फोन? माझी आई यांना तीन फोन करते? वर्षातून एकदा करते, आणि तोही चुकून लागतो!"

"चाळीस अक्षरांत असंच होतं," मी पुटपुटले. त्यांनी माझ्याकडे विचित्र नजरेनं पाहिलं.

तेवढ्यात वर मंचावर आवाज बदलला. अध्यक्षबाई हळू वाचत होत्या. "लेकीचा निकाल आज. मी इथे." त्या थांबल्या. "बघा. एका बापानं कामापायी काय काय सोडलंय."

मागे कोणीतरी नाक ओढलं. साहेबांनी खिशातून रुमाल काढला आणि डोळ्यांना लावला.

साहेबांना एकच मुलगा आहे.

त्या वेळी उठून बोलता आलं असतं. मी खुर्चीचे दोन्ही हात धरले होते, गुडघे सरळ होत आले होते. पण शिफारस अजून व्हायची होती. मी परत टेकले. टाळ्या वाजत होत्या, तेव्हा दोन वाजवल्याही.

कार्यक्रमानंतर साहेबांच्या सहीसाठी रांग लागली. एकेकानं दोन-दोन, तीन-तीन घेतल्या; पाचशे प्रती दोन तासांत खपल्या. सगळे गेल्यावर साहेब माझ्याजवळ आले, इकडेतिकडे बघून हळूच म्हणाले, "बाई, हे... तुम्ही?"

"हो."

"बरंच साचलं होतं की."

"अकरा वर्षांचं."

"मका म्हणजे मी?"

"आकारापुरतं, साहेब."

"हं. सोमवारी बोलू."

रविवार कसा गेला ते विचारू नका. सासूबाई दुपारभर खिडकीत भिंग घेऊन पुस्तक वाचत होत्या. मी पाठ करून कपड्यांच्या घड्या घालत होते.

"काय गं," मागून आवाज आला. "हे तीन फोनवालं माझ्याबद्दल आहे का?"

घडी चुकली. "...हो."

"कोणता नमुना वाळला?"

"बाभळीचा."

"त्या दिवशी गॅस संपला होता म्हणून केले होते. बरं." त्यांनी पान उलटलं. मग परत उलटलं. "मला नावं ठेवलीस, ठेव. सून आहेस, हक्क आहे तुझा. पण मला नावं ठेवायची तर स्वतःच्या नावानं ठेव ना! त्या बाप्याच्या नावावर कशाला? तो कोण लागतो माझा?"

नवरा वर्तमानपत्राआड हसला. मला हसू आलं नाही. मी उरलेल्या घड्या घातल्या, त्या सगळ्या सारख्या आल्या, पण कपाटात कुठल्या कुठे ठेवल्या ते मंगळवारपर्यंत सापडत नव्हतं.

सोमवारी साहेबांच्या खोलीत गेले. ओरडा बसेल, मेमो मिळेल, माफीनामा लिहून द्यावा लागेल, अशी सगळी तयारी केली होती. साहेब उठून उभे राहिले. अकरा वर्षांत पहिल्यांदा!

"या, या! बसा. अहो, कमाल केलीत तुम्ही. तीन दिवस फोन थांबत नाहीये. आताच अध्यक्षबाईंचा येणार आहे. एक आनंदाची बातमी आहे."

मी खुर्चीच्या टोकाशी सरकले. शिफारस!

"मंडळानं मला मुदतवाढ दिलीय," साहेब म्हणाले. "दोन वर्षं. असा रसिक माणूस सोडायचा नाही, असं अध्यक्षबाईंचं मत पडलं. काल ठरावही झाला."

खोलीतला पंखा फिरत होता. त्याचं एक पातं इतर दोन पात्यांपेक्षा किंचित वाकलं आहे, हे मी पहिल्यांदाच पाहिलं.

"म्हणजे माझं पद..."

"नक्की! दोन वर्षांनी नक्की. अहो, दोन वर्षं म्हणजे काय, चुटकीसरशी जातात." त्यांनी चुटकी वाजवूनही दाखवली. "तोवर दुसरा भाग काढायचाय. निदान शंभर फोटो. आणि खाली ते तुमचं... ते असंच येऊ द्या. फक्त जरा बेतानं. मका वगैरे नको. थोडं गोड लिहा. आणि हो, ते लेकीचं फार चाललं, तसं आणखी एखादं असेल तर बघा."

मी ऐकत होते. मी लिहिलेल्या शेऱ्यांनी साहेबांना दोन वर्षं मिळाली होती, आणि माझी दोन वर्षं गेली होती. प्रयोग माझा, निष्कर्ष त्यांचा. नेहमीसारखाच.

फोन वाजला. साहेबांनी बटण दाबून आवाज खुला केला, मीही ऐकावं म्हणून. उदार मनाचे आहेत.

"अभिनंदन हो!" अध्यक्षबाई म्हणाल्या. "दुसऱ्या भागाचं कुठवर आलं?"

"लागलोच कामाला, बाई. काल रात्रीच दोन-चार सुचले."

"सुचणारच तुम्हाला! टाइप करणाऱ्या बाई आहेत का तिथे? त्यांनाच विचारते, नेमकं तेच सांगतील."

"आहेत ना, समोरच आहेत. सांगा हो बाई, किती दिवस लागतील?"

इथे मला लिहायला आवडलं असतं की माझ्यात धैर्य संचारलं. तसं काही झालं नाही. मी नेहमीप्रमाणे गणित केलं. शिफारस गेली होती, पद गेलं होतं, शेरे गेले होते, लेकसुद्धा त्यांच्या खात्यावर जमा झाली होती. आता बोलल्यानं जाण्यासारखं काय उरलं, तर उत्तर शून्य आलं. दोनदा ताळा केला. शून्यच. ज्याला लोक धैर्य म्हणतात ते माझ्या बाबतीत नुसतं शिल्लक काही नसणं होतं, आणि तेही सहा वर्षं उशिरा.

"बाई? ऐकू येतंय ना?" फोनमधून आवाज आला. "किती दिवस?"

साहेब मला बोटांनी खुणा करत होते. पंधरा, पंधरा सांगा.

माझा आवाज मुळात लहान आहे. म्हणून मी फोनजवळ वाकले, आणि एकेक शब्द नीट सुटा बोलले.

"अध्यक्षबाई, पुस्तकातले फोटो मी काढलेत. सगळे दोनशे चौदा. साहेबांनी त्यातला एकही काढलेला नाही, आणि हे मी आता सगळ्यांना सांगणार आहे."